निन्टेंडो स्टुडिओ विकत घेते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेमच्या टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं काढली, त्यामुळे ओळखीचे लोक मला एकाच विषयावर पुन्हा पुन्हा गाठतात. पोराटोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून खेळायचे गेम करणारी कंपनी वाढते कशी? दुसऱ्यांचे स्टुडिओ विकत घेऊन वाढली, तर तिचा स्वभाव टिकतो का? या प्रश्नाचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे क्योटोची निन्टेंडो. म्हणून खालची बहुतेक उत्तरं तिच्याभोवतीच आहेत.

एवढा पैसा गाठीशी असून निन्टेंडो मोठ्या कंपन्या का घेत नाही?

जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. महिना संपायच्या आत सोनीनेही ३.६ अब्ज डॉलरला बंजी हा गेम स्टुडिओ घेत असल्याचं सांगितलं. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला निन्टेंडोचे अध्यक्ष शुनतारो फुरुकावा यांच्यासमोर हा प्रश्न येणारच होता. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: आमचं नाव आमच्या माणसांनी जीव ओतून केलेल्या कामावर उभं आहे, आणि निन्टेंडोचा पिंड नसलेली माणसं मोठ्या संख्येने आत आणली तर कंपनीचं त्यात काही भलं नाही.

पैशाची अडचण मुळीच नव्हती. त्याच्या तीनच महिने आधी कंपनीने स्वतःच्या गेमनिर्मितीच्या विस्तारासाठी १०० अब्ज येनपर्यंत, म्हणजे दहा हजार कोटी येनपर्यंत, खर्च करायची तयारी दाखवली होती. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की त्याच फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस निन्टेंडोने एक कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तिचं नाव एसआरडी. बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की धोरण उलगडतं. निन्टेंडोला खरेदीचं वावडं नाही. तिला अनोळखी घर नको असतं. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय, ज्यांच्या हाताची सवय झालीय, त्यांनाच ती घरात घेते, आणि तेही बहुधा ते हात निसटायची वेळ आली की.

एसआरडी म्हणजे नेमकं कोण?

१९७९ मध्ये स्थापन झालेली प्रोग्रॅमिंगची कंपनी. १९८३ पासून ती निन्टेंडोसाठी काम करत होती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं श्रेय द्यायचं झालं तर शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या जोडीने तिसरं नाव येतं ते तोशिहिको नाकागो यांचं, आणि नाकागो हे एसआरडीचे अध्यक्ष. मारिओने उडी मारल्यावर हवेत किती वेळ राहायचं, धावताना थांबला तर किती घसरायचं, हे सगळं कुणीतरी कोडमध्ये उतरवलं होतं. ती माणसं एसआरडीची. त्यांची बसायची जागासुद्धा निन्टेंडोच्याच इमारतीत होती.

तरीही जवळजवळ चाळीस वर्षं ती वेगळी कंपनी राहिली. १ एप्रिल २०२२ पासून ती निन्टेंडोची झाली.

चाळीस वर्षं न विकत घेता सगळं सुरळीत चाललं होतं, मग घेतलीच कशाला?

माझ्या मते, मालकांचं वय. हे उत्तर ऐकायला फार साधं वाटतं, पण छोट्या स्टुडिओंच्या बहुतेक विक्रीमागे तेच असतं. ज्यांनी विशी-तिशीत कंपनी काढली ते साठी-सत्तरीकडे झुकतात, शेअर त्यांच्याच नावावर असतात, आणि पुढे ते कुणाकडे जाणार हे ठरलेलं नसतं. मालक आहे तोवर शब्दावर काम चालतं. मालक गेला की वारस, वकील, सल्लागार आणि सगळ्यांत चढी बोली लावणारा गिऱ्हाईक समोर उभा राहतो. मारिओचं इंजिन ज्यांना पाठ आहे अशी माणसं त्या गिऱ्हाइकाच्या हाती पडणं निन्टेंडोला परवडलं नसतं.

नेक्स्ट लेव्हल गेम्सच्या बाबतीतही असंच झालं का?

अगदी असंच. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातला हा स्टुडिओ २००२ चा. फुटबॉलचा ‘सुपर मारिओ स्ट्रायकर्स’, बॉक्सिंगचा ‘पंच-आउट’, मग ‘लुईजीज मॅन्शन’चा दुसरा आणि तिसरा भाग, असं करत करत तो फक्त निन्टेंडोचंच काम करू लागला. पण मालकी स्वतःचीच होती. जानेवारी २०२१ मध्ये निन्टेंडोने तो विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा निवेदनात कारण स्पष्ट लिहिलं होतं: मालक-संचालकांपैकी काहींनी आपले शेअर विकायची वेळ आली आहे असं ठरवलं होतं.

या स्टुडिओला गमावणं का परवडलं नसतं, ते मी आमच्या दिवाणखान्यात पाहिलंय. ‘लुईजीज मॅन्शन ३’मध्ये मारिओचा भाऊ लुईजी एका भुताटकीच्या हॉटेलात व्हॅक्यूम क्लीनर पाठीला लावून फिरतो. दुसऱ्या खेळाडूला मिळतो गूईजी, म्हणजे हिरव्या जेलीचा लुईजी. तो गजांमधून आरपार जातो, खिळ्यांवरून चालतो, पण पाण्याचा थेंब लागला की विरघळतो. विरघळला तरी थोड्या वेळाने परत हजर. आठ वर्षांची भाची लुईजी झाली होती आणि माझी आई, जिने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता, ती गूईजी. आई पहिल्या अर्ध्या तासात सहा-सात वेळा विरघळली. एकदाही खेळ थांबला नाही. भाची नुसती ओरडायची, “आजी, पाण्यात नको ना जाऊस!” आणि पुढे निघायची. थोड्या वेळाने आईला कळलं की पडदे ओढता येतात, टेबलावरची चादर ओढता येते, मागे नाणी सापडतात. मग ती भुतं सोडून खोल्याच आवरत बसली, आणि गेमने तिला त्याचंही बक्षीस दिलं.

कच्च्या खेळाडूला मरणाची भीती नाही, पण त्याच्यावाचून कोडं सुटत नाही. दोघांची गरज लागते आणि कुणीच ओझं होत नाही. हे जमवणं फार कठीण आहे. मी स्वतः असे दोघांचे मोड तपासलेत, आणि दहांतल्या नऊ वेळा धाकटं भावंड शेवटी कंट्रोलर खाली ठेवून देतं. ज्या टीमला हे जमतं, ती टीम एकसंध राहण्यातच सगळी किंमत आहे. या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, त्यामागे हे आहे.

रेअर हातची का घालवली?

हा प्रश्न जुने खेळाडू फार तळमळून विचारतात, आणि मलाही तो अजून सलतो.

इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांचा स्टुडिओ म्हणजे रेअर. १९९४ चा ‘डाँकी काँग कंट्री’ त्यांचा, १९९७ चा ‘गोल्डनआय ००७’ त्यांचा, १९९८ चा ‘बँजो-काझूई’ही त्यांचाच. निन्टेंडोने आधी थोडा, मग वाढवत ४९ टक्के हिस्सा घेतला आणि तिथेच थांबली. पुढे स्टॅम्पर बंधूंना विकायचं होतं, तेव्हा उरलेले ५१ टक्के घ्यायला निन्टेंडो तयार झाली नाही. सप्टेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७ कोटी ५० लाख डॉलरला पूर्ण कंपनी घेतली. निन्टेंडोने आपलाही हिस्सा विकून टाकला.

डाँकी काँग हे पात्र निन्टेंडोचं, ते घरातच राहिलं. बँजो रेअरचा, तो गेला. कागदावर हिशेब ठीक होता. पण ‘डाँकी काँग कंट्री’ मालिकेचा तिसरा भाग १९९६ चा आणि पुढचा थेट २०१० चा. चौदा वर्षं! पात्र तिजोरीत होतं, त्याला उड्या मारायला लावणारे हात दुसऱ्याच्या घरी होते. अखेर तो गेम केला टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओजने.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर रेअरला तसे दिवस फारसे दिसले नाहीत, आणि स्टॅम्पर बंधू २००७ पर्यंत बाहेर पडले. त्यामुळे निन्टेंडोचा हिशेब बरोबर होता असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. झाड दुसऱ्या मातीत नीट रुजलं नाही, यावरून ते आधीच वठलं होतं असं म्हणता येत नाही.

आणि ही रेट्रो कशी मिळाली?

स्वस्तात, पण डोकेदुखीसकट. १९९८ मध्ये ऑस्टिन शहरात निन्टेंडोच्या पाठबळावर सुरू झालेल्या या स्टुडिओत एकाच वेळी चार-पाच गेम हाती घेतले गेले आणि एकही धड पुढे सरकेना. शेवटी सगळे बाजूला ठेवून एकट्या ‘मेट्रॉइड प्राइम’वर सगळ्यांना बसवलं. २००२ मध्ये निन्टेंडोने संस्थापकाचे शेअर १० लाख डॉलरला घेतले आणि स्टुडिओ ताब्यात आला. त्याच वर्षी रेअर गेली, हे लक्षात घ्या. ‘मेट्रॉइड प्राइम’ त्याच नोव्हेंबरमध्ये आला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

मोनोलिथ सॉफ्ट तर नामकोची होती ना?

हो. तेत्सुया ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नामको या जपानी गेम कंपनीच्या आधाराने काढलेला हा स्टुडिओ. २००७ मध्ये निन्टेंडोने नामकोकडून ८० टक्के हिस्सा घेतला. तेव्हा अनेकांना कोडं पडलं होतं, कारण मोनोलिथ लांबलचक, गंभीर कथांचे गेम करायची आणि निन्टेंडो आपल्या ‘वी’ या कन्सोलच्या जोरावर सबंध कुटुंबाला टीव्हीपुढे उभं करत होती.

उत्तर मिळायला दहा वर्षं लागली. २०१० मध्ये ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ आला. त्यात डोंगर, दऱ्या, माळरानं असा मैलोगणती मोकळा प्रदेश होता. २०११ मध्ये मोनोलिथने क्योटोत वेगळं कार्यालय उघडलं. आणि २०१७ च्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये नायक लिंक डोंगरावर चढून खाली पसरलेला मुलूख पाहतो, त्या मुलखाच्या बांधणीत मोनोलिथच्या माणसांचाही हात आहे. निन्टेंडोने स्टुडिओ घेतला एका मालिकेसाठी, आणि फळ मिळालं दुसऱ्याच मालिकेत. अशा खरेदीचं मोल पहिल्या ताळेबंदात दिसत नाही.

कुटुंबाचे गेम करणाऱ्या कंपनीने मोठ्यांचे, हिंसक गेम करणारा स्टुडिओ घ्यावा का?

घेतलाय की. मे २०२४ मध्ये निन्टेंडोने मायामीचा शिव्हर एंटरटेन्मेंट घेतला. त्याने ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ आणि ‘हॉगवर्ट्स लेगसी’ निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आणण्याचं काम केलं होतं. पहिल्यात रक्ताचे पाट वाहतात. पण निन्टेंडोने तो घेतला ताकदवान यंत्रासाठी केलेला अवजड गेम छोट्या यंत्रात बसवायच्या कौशल्यासाठी. आमच्याकडे याला पोर्टिंग म्हणतात. कौतुक कुणी करत नाही, पण मेमरीचा एकेक मेगाबाइट वाचवणारी ही माणसं मिळणं अवघड असतं.

एक मात्र खरं. कुटुंबासाठी गेम करायचा तर धीर लागतो. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेंडोने ‘मेट्रॉइड प्राइम ४’चं तोवरचं काम मोडीत काढून तो रेट्रोकडे नव्याने सोपवला आणि तसं जाहीरपणे सांगितलं. गेम आला २०२५ च्या डिसेंबरात. दर तिमाहीला आकडे मागणाऱ्या मालकाखाली हे होत नाही. म्हणून स्टुडिओ घेताना आधीचे गेम किती हिंसक होते यापेक्षा, अर्धवट गेम बाहेर काढायची त्यांना सवय लागली आहे का, ते मी पाहीन.

डिस्नीनेही हेच केलं होतं. तिचं काय बिनसलं?

डिस्नीने २००५ मध्ये सॉल्ट लेक सिटीचा ॲव्हलांच सॉफ्टवेअर घेतला, इंग्लंडमधला ब्लॅक रॉक घेतला, पुढे जंक्शन पॉइंट घेतला. ब्लॅक रॉक २०११ मध्ये बंद. जंक्शन पॉइंट जानेवारी २०१३ मध्ये बंद. मे २०१६ मध्ये ‘डिस्नी इन्फिनिटी’ हा गेम गुंडाळताना ॲव्हलांचलाही टाळं लागलं. जगातलं सगळ्यांत मोठं कौटुंबिक नाव, हाताशी मिकीपासून सगळी पात्रं, आणि तरी हे. सिनेमा आणि थीम पार्कच्या त्या अवाढव्य कारभारात गेम हा कायम एक विभाग राहिला, आणि विभाग बंद करता येतो.

पुढची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. २०१७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ॲव्हलांच पुन्हा उभा केला. २०२३ मध्ये त्याच स्टुडिओने ‘हॉगवर्ट्स लेगसी’ केला. तोच गेम स्विचवर आणायला शिव्हरने हातभार लावला, आणि शिव्हर आला निन्टेंडोकडे.

शिव्हर विकला कुणी?

स्वीडनच्या एम्ब्रेसर या गेम कंपनीने. तिने काही वर्षांत डझनावारी स्टुडिओ घेतले. मे २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा अपेक्षित करार फिसकटला आणि स्टुडिओ विकायची, बंद करायची वेळ आली. १९९३ पासूनचा व्होलिशन हा स्टुडिओ त्यातच संपला.

हॅल लॅबोरेटरी आणि गेम फ्रीक निन्टेंडोच्याच ना?

नाही. कर्बी करणारी हॅल स्वतंत्र कंपनी आहे, नातं कितीही घट्ट असलं तरी. पोकेमॉनची मालकी निन्टेंडो, गेम फ्रीक आणि क्रीचर्स या तिघांची मिळून आहे.

निन्टेंडो पिक्चर्सनेच मारिओचा सिनेमा केला का?

नाही, २०२३ च्या सिनेमाचं ॲनिमेशन इल्युमिनेशन या दुसऱ्याच कंपनीचं. निन्टेंडो पिक्चर्स म्हणजे २०२२ मध्ये विकत घेतलेली डायनॅमो पिक्चर्स. निन्टेंडोच्या ‘पिकमिन’ गेमवरच्या लघुपटांवर तिने आधीच काम केलं होतं. इथेही ओळख आधी, खरेदी नंतर.

विकल्या गेलेल्या स्टुडिओतल्या माणसांचं काय होतं?

हे मी आतून पाहिलंय. मी जिथे काम करत होतो तिथे मालक बदलला. सकाळी मेल आला, दुपारी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावून “काहीही बदलणार नाही” असं सांगितलं. पंधरा दिवसांत मेल आयडी बदलले, मग गळ्यातली ओळखपत्रं. आठ महिन्यांत तीन लीड गेले. त्यांतला एक जण सेव्ह फाइलचा कोड लिहिणारा होता. तो गेल्यावर एक बग आला. लहान मुलाने सेव्ह चालू असताना कन्सोल बंद केला तर सगळी प्रगती पुसली जायची. हा बग आम्ही पाच आठवडे शोधत होतो. तो कोड लिहिणारा असता तर बहुधा एका दुपारचं काम होतं. स्टुडिओ विकला गेला होता, पण ज्यासाठी विकत घेतला ते दारातून बाहेर पडून कोथरूडला आपल्या घरी गेलं होतं.

म्हणून किंमत ठरवताना गेमचे हक्क, कर्ज, चालू करार हे तपासतातच, पण मुख्य माणसांना दोन-तीन वर्षं थांबण्यासाठी वेगळे पैसे राखून ठेवतात. एकदम शंभर टक्के न घेता आधी थोडा हिस्सा घेण्यामागेही हेच असतं. मात्र पैशाने माणूस मुदतीपर्यंतच थांबतो. पुढे थांबतो तो विश्वासावर. २०११ मध्ये थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलची किंमत तातडीने उतरवावी लागली, तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. २०१४ मध्ये ‘वी यू’ हा कन्सोल बाजारात पडल्यावर पुन्हा तेच केलं. धाकात बसलेल्या माणसाच्या हातून लोकांच्या मनाला भिडणारा गेम होत नाही, अशी त्यांची धारणा होती. जपानमधल्या निन्टेंडोत माणसं सरासरी चौदा वर्षांहून जास्त टिकतात. कुठल्याही स्टुडिओला विकत घ्यायला निघालेल्या कंपनीने आधी स्वतःचा हा आकडा तपासावा.

आपल्याकडे अशी उदाहरणं आहेत का?

आहेत. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०१९ मध्ये पेपर बोट ॲप्सचा ५१ टक्के हिस्सा घेतला. मुंबईतल्याच एका दांपत्याने काढलेली ही कंपनी लहान मुलांसाठी ‘किड्डोपिया’ चालवते, आणि तिचे बरेचसे वर्गणीदार अमेरिकेतले. २०२२ मध्ये नझाराने ‘ॲनिमल जॅम’ची अमेरिकन कंपनी वाइल्डवर्क्स घेतली, २०२४ मध्ये पेपर बोटचा उरलेला हिस्सा. वाट निन्टेंडोपेक्षा वेगळी आहे. इथे चालू, पैसे आणणारं ॲप घेतलं जातं. २०२१ मध्ये ॲपलने जाहिरातींसाठी वापरणाऱ्यांचा माग काढण्यावर बंधनं आणली, आणि नवे पालक गाठायचा किड्डोपियाचा खर्च वाढला. मूल खेळतं, पण पैसे आई-बाबा देतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचणं महाग असतं.

पुण्यात यूबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला. परदेशातल्या पोरांनी टीव्हीसमोर नाचत खेळलेल्या ‘जस्ट डान्स’वर पुण्याच्या माणसांनीही घाम गाळलाय. त्यांची नावं शेवटच्या यादीत असतात. पुढच्या वेळी ती यादी पूर्ण जाऊ द्या.

निन्टेंडोलाच कुणी विकत घेईल का?

मायक्रोसॉफ्टच्या फिल स्पेन्सर यांनी २०२० मध्ये एका अंतर्गत मेलमध्ये ती इच्छा लिहिली होती. २०२३ मध्ये न्यायालयाच्या कागदपत्रांतून तो मेल बाहेर आला. घडलं काहीच नाही, आणि नजीकच्या काळात घडेल असं मला वाटत नाही.

पुढची खरेदी कोणाची असेल?

नोव्हेंबर २०२५ मध्ये निन्टेंडोने बंदाई नामकोच्या सिंगापूर स्टुडिओचा ८० टक्के हिस्सा एप्रिल २०२६ मध्ये घेणार असल्याचं जाहीर केलं. निन्टेंडोच्या ‘स्प्लॅटून ३’वर त्या स्टुडिओने काम केलेलं. पुन्हा तीच रीत: ओळखीचे हात, आणि मोनोलिथसारखेच आधी ८० टक्के. क्योटोत मुख्यालयाशेजारी बारा मजली नवी इमारत उभी राहतेय. जागा केली जातेय, यात शंका नाही.

माझा स्वतःचा अंदाज विचाराल, तर ग्रेझ्झो हा जपानी स्टुडिओ. त्याने केलेले झेल्डा मालिकेतले गेम पाहा: २०११ मध्ये ‘ओकारिना ऑफ टाइम’ची थ्रीडीएस आवृत्ती, २०१९ मध्ये ‘लिंक्स अवेकनिंग’, आणि २०२४ मध्ये ‘एकोज ऑफ विज्डम’, ज्यात निन्टेंडोच्या मुख्य मालिकेत पहिल्यांदाच झेल्डा स्वतः नायिका झाली. जुनं घर डागडुजीला दिलं, ते नीट केलं, मग नवं बांधायला दिलं. आमच्या भाचीने तो गेम दोनदा संपवलाय. आणि त्या स्टुडिओच्या शेअरवर अजून निन्टेंडोचं नाव नाही.